खडूनं लिहिलेली हवा

हम्मादनं कारवानच्या खालच्या कडेला बुटाचं टोक लावलं आणि सांगितलं, "ये सब बंद. हवा माफी. सुई भी नहीं जाना."

माफी म्हणजे क्षमा नव्हे. अरबीत माफी म्हणजे नाही. सौदीत उतरलेल्या माणसाला हा शब्द सगळ्यात आधी कळतो, कारण तोच सगळ्यात जास्त ऐकावा लागतो. रजा माफी, गरम पाणी माफी, संडासातला दिवा माफी. आज हवा माफी.

कारवान म्हणजे चाकांवरची खोली. कुणा अमेरिकन साहेबानं जाताना टाकून दिलेली. हम्मादनं ती उचलली आणि खमीस मुशैतच्या वर, डोंगराच्या कड्याशी नेऊन उभी केली. खालून, जिझानकडून, लोक तिथं थंडी बघायला येत. जिझान समुद्रावर, तिथं भर डिसेंबरात पंखा लागतो. ती माणसं बायकापोरं घेऊन वर चढतात, तोंडातून वाफ काढून एकमेकांना दाखवतात आणि खूश होऊन उतरतात. मजुराला हीच थंडी कॅम्पात फुकट मिळते, त्याचा कुणी फोटो काढत नाही.

पण मागच्या पाहुण्यांची हौस पहाटेच फिटली. कारवानच्या पोटाखालून वारा शिरला, जमिनीवर पाय ठेववेना, पाण्याचा पाइप गोठून फुटला. ते हम्मादला शिव्या घालत घाट उतरले. म्हणून आज हे पोट बांधायचं होतं. कारवानच्या जमिनीला खालून फोमचे जाड तक्ते चिकटवायचे, त्याखाली पत्रा ठोकायचा, फटींत डब्यातला फुगणारा फोम मारायचा आणि चारी बाजूंनी मातीपर्यंत पत्र्याचा घेर लावायचा. नवे पाहुणे संध्याकाळी येणार होते.

कामाला दोन माणसं. जलाल, हर्णैचा, गॅस आणि पाइपांचा फिटर. तुकाराम, विट्याचा, पत्रा आणि लाकूडकाम. दोघं कॅम्पात एकाच खोलीत राहत आणि एकमेकांशी बोलत नसत.

कारण सुके बोंबील. जलालच्या बायकोनं, इस्मतनं, गावच्या माणसाबरोबर पिशवी भरून पाठवले होते. जलालनं खोलीतच छोट्या शेगडीवर भाजायला घेतले. तुकारामाला तो वास सोसेना. तो कॅम्पच्या साहेबाकडे गेला, पण वासाची तक्रार केली नाही. अर्धा कॅम्प मासे खातो, त्याला तुडवला असता. त्यानं सांगितलं, बंद खोलीत गॅस पेटवतात, सगळे झोपेत मरू. साहेब आला, शेगडी उचलली, आणि बोंबलांची पिशवी कचऱ्यात टाकून गेला.

"घाट्या," जलाल तेव्हा म्हणाला होता, "वासाचं नाव गॅस ठेवलंस."

तेवढंच. त्यानंतर खोलीत दोन भिंती असल्यासारखे दोघं राहिले.

कामात मात्र त्यांचं अडलं नाही. आधी फिटर खाली सरपटत जातो, पाइप, वायर, गज जे असेल तिथं खडूनं लिहितो. मग पत्रेवाला जातो आणि लिहिलेलं बघून कापतो, ठोकतो. खडूला तोंड लागत नाही.

त्या दिवशी सकाळी जलाल पाठीवर झोपून कारवानखाली सरकला. वर कारवानच्या जमिनीत चार भोकं होती, मुठीएवढी, बनवणाऱ्यानंच पाडलेली. ती कशाला ते फिटरला कळतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखा खाली बसतो. आत कुठं गळला तर जमिनीवर साचू नये, भोकातून खाली पडावा आणि वाऱ्यावर उडून जावा. एवढ्यासाठी भोकं.

आणि गॅस गळत होता. आत जाऊन ओट्याखालच्या नळीच्या सांध्यावर त्यानं साबणाचा फेस लावला, तर फेसाला बुडबुडे आले. नळी म्हातारी होऊन चिरली होती.

"नया पाइप मंगता," त्यानं हम्मादला सांगितलं. "और सिलिंडर का चाबी."

सिलिंडर कारवानच्या तोंडाशी लोखंडी पेटीत होता. पेटीला कुलूप होतं, कारण हम्मादचा जगात कुणावर विश्वास नव्हता.

"बुकरा," हम्माद म्हणाला. बुकरा म्हणजे उद्या. किल्ली खिशात घातली आणि गाडी घेऊन खाली गेला.

जलालनं विचार केला, भोकं उघडी आहेत तोवर आजची रात्र निभेल. थेंबथेंब गळेल आणि खाली पडून जाईल. चारही भोकांशेजारी त्यानं ठळक लिहिलं, 'हवा'. मग तो फुटलेला पाण्याचा पाइप बदलायला उताराखालच्या टाकीवर गेला. तिथं त्याचा दिवस गेला.

तुकाराम कारवानखाली गेला. त्याचाही दिवस तिथं गेला. आडवं पडून, छातीवर पत्रा घेऊन, डोळ्यांत फोमचा भुसा. थंडीनं बोटं इतकी आखडली की स्क्रू हातात आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळेना. पण काम त्यानं मनापासून केलं. ह्या माणसाचं तोंड वाईट असेल, हात वाईट नव्हता.

पाहुणे वेळेच्या आधीच आले. मोठी पांढरी गाडी, जिझानचा माणूस, त्याची बायको, म्हातारी आई आणि तीन पोरं. बायका उतरण्याआधी त्यानं दोघांना हातानं लांब व्हायला सांगितलं. दोघं हत्यारं उचलून मोकळ्या जागेपलीकडे, आपल्या पिकअपच्या आडोशाला गेले. बायका आत गेल्या, दार लागलं. थंडी बघायला आलेल्यांनी आधी खिडक्या लावल्या. दाराच्या फटीत आतून कुणीतरी टॉवेल कोंबला; त्याचं एक टोक बाहेर लोंबत राहिलं. मगरिबची, दिवस मावळतानाची, बांग झाली तसा तो माणूस गाडी घेऊन खालच्या मशिदीकडे गेला. जलाल हात धुवायला पाणी शोधत होता.

तुकारामानं थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. एक कप जलालच्या बाजूला गाडीच्या बॉनेटवर ठेवला. काम चांगलं झालं की माणसाला कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि तिथं सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

"झ्याक झालंय," तो डोंगराकडे बघून म्हणाला.

जलालनं कप उचलला.

"तुझ्या खुणांचं बी केलंय. फोम ठासलाय, त्येच्यावर पट्टी, पट्टीवर पत्रा. मुंगी जायाची न्हाय."

जलालला उत्तर द्यायचं नव्हतं. पण तोंडातून गेलंच. "कसल्या खुणा?"

"हवा लिवलं हुतंस की. चार ठिकाणी."

जलालनं उचललेला कप खाली ठेवला. "ती बुजवलीस?"

"मग? हवा येती तितनं, म्हणून लिवलंस न्हवं? त्यो बी सकाळधरनं हवा माफी, हवा माफी करतोय."

"मेल्या, येतो तो वारा. वारा येत असता तर वारा लिवला असता. हवा म्हणजे हवा. हवा म्हणजे पायजे. भोक ठेव."

"पायजे तर पायजे लिवायचं."

"आणि तू विचारायचं."

"तू बोलतुयास व्हय माझ्याशी?"

जलालनं त्याच्या जाकिटाची कॉलर धरली. मारायला नव्हे, त्याचं तोंड कारवानकडे फिरवायला. "वट्याखाली गॅस गळतोय. सकाळपासून. ती भोकं होती म्हणून चाललं. आता खाली जागा नाय, वर खिडकी नाय. पोरं जमिनीवर बसलीत त्या गॅसात. कळलं?"

तुकारामाला कळलं. त्याच्या ओठांवरचा फोमचा पिवळा भुसा तेवढा रंगीत राहिला, बाकी तोंड पांढरं पडलं.

तेवढ्यात वास आला. उदाचा. आत बाईनं धूप लावला होता. धूप कोळशाच्या निखाऱ्यावर टाकतात. म्हणजे आत निखारा होता. आणि उदाच्या वासाखाली गॅसचा वास कुणाला येणार नव्हता.

जलालनं हम्मादला फोन लावला. बंद. नमाजात असणार. परत लावला. बंद.

आता दार ठोठावायचं, एवढंच काम. पण ते दार तसं नव्हतं. आत बायका, घरचा पुरुष बाहेर. अशा दाराजवळ परका मजूर जात नाही. गेला तर का गेलास हे कुणी विचारत नाही; इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, काढून घेतात आणि विमानात बसवतात, आणि तेही नशीब बरं असेल तर. हे दोघांनाही पाठ होतं. तरी जलाल गेला, दारापासून चार हात लांब उभा राहिला, तोंड दुसरीकडे केलं आणि ओरडला, "गाज. या मदाम, गाज."

आतून बाईचा आवाज आला. शांत, जरा वैतागलेला. "बाअदेन. मा फी रिज्जाल."

"काय म्हणाली?" तुकाराम मागून.

"घरात पुरुष नाय, नंतर ये. तिला वाटलं सिलिंडरवाला आलाय."

"अरं मग सांग की तिला."

"गाज खतर," जलाल ओरडला. "खतर, खतर."

परक्या पुरुषानं दाराशी उभं राहून धोका धोका ओरडल्यावर बाई काय करेल? तिनं आतून कडी घातली. कडीचा आवाज दोघांनी ऐकला. मग टीव्ही मोठा झाला. एक पोरगं कशाला तरी खदखदून हसलं.

तुकाराम धावत जाऊन ग्राइंडर घेऊन आला. पत्रा कापायला त्याला तेच सुचलं. जलालनं ते त्याच्या हातातून हिसकून झाडीत फेकलं. "ठिणगी पाडतोस? पोरांसकट उडवतोस?"

"मग ड्रिल—"

"त्यातही ठिणगी. हातानं खोलायचं."

"हातानं? पन्नासाच्या वर स्क्रू हायत. रात जाईल." आणि मग तुकाराम थांबला. त्याची नजर खाली गेली. "मागचा पत्रा दोनावर हाय."

"काय?"

"मागच्या कोपऱ्यातला. स्क्रू संपलं. म्हटलं मागं कोण बघतंय. दोनच मारलं. पोटाचा पत्राबी त्या टोकाला नुसता सरकवलाय."

त्या संध्याकाळी त्या डोंगरावर कामचुकारपणा एवढाच काय तो देवासारखा धावून आला.

"तू पहार घे," जलाल म्हणाला. "सिलिंडरचं कुलूप पिळून तोड. ठोकू नकोस, पीळ."

तो स्वतः मागं गेला. दोन स्क्रू हातानं फिरवले, पत्रा वाकवला आणि पाठीवर पडून आत घुसला. खाली अंधार. टॉर्च पेटवायची छाती होईना, बटणावर भरवसा नव्हता. ओटा मागच्याच टोकाला होता; हातानं चाचपत तो त्याच्या अंदाजानं सरकला, पाय गुडघ्यापासून बाहेरच राहिले. डोक्याच्या वर वीतभर अंतरावर पोरांचे पाय धावत होते. थपथप. ज्या बाईच्या दाराजवळ जाणं गुन्हा, तिच्या पायांखाली तो झोपला होता. कुणी बघितलं तर ह्याला शब्द कुठल्याच भाषेत नव्हता.

सैल पत्रा त्यानं खेचला. पट्टी लागली. पट्टीला तुकारामानं भरपूर स्क्रू मारले होते. इथं मात्र हरामखोरानं हात आखडला नव्हता. जलालनं एकेक फिरवायला घेतला. गार लोखंडानं बोटांची कातडी चिकटत होती.

समोर पहारीचा कर्रकर्र आवाज येत होता. मग गाडीचा आवाज. मग दार आपटल्याचा.

जिझानचा माणूस परत आला होता. त्याच्या काखेत गरम रोट्यांची पिशवी होती, आणि त्याला दिसलं ते असं: एक मजूर लोखंडी पहार घेऊन कारवानचं कुलूप तोडतोय आणि दुसऱ्याचे पाय त्याच्या बायकोच्या खालून बाहेर आलेत.

त्यानं तुकारामाला पहिल्याच फटक्यात खाली पाडलं. तुकारामाला अरबी येत नव्हतं. "गाज," तो म्हणाला. "बेबी. मदाम. गाज." दुसरा फटका तोंडावर बसला. माणूस मागं धावला, जलालचे पाय ओढायला. तुकाराम उठला आणि त्याच्या मागून जाऊन कमरेला मिठी मारून लोंबकळला. सौदी माणसाला मिठी मारणारा मजूर म्हणजे मेलेलाच मजूर. पण त्यानं सोडलं नाही. पाठीवर कोपरं बसत होती आणि तो मराठीत सांगत होता, "भाऊ, जरा थांब. भाऊ, जरा थांब की."

खाली जलालनं शेवटचा स्क्रू सोडला. पट्टी पडली. फोम दगडासारखा घट्ट होता. त्याच्या खिशात मासे साफ करायची सुरी असायची. मासे नसले तरी असायची. ती त्यानं फोमात घातली, वळवली, परत घातली. बोळा निघाला आणि तोंडावर गार काहीतरी ओतलं गेलं. दिसत नव्हतं, पण वजन होतं. मग वास. डोळ्यांतून पाणी काढणारा, कुजका.

तो वास पत्र्याच्या वाकलेल्या तोंडातून बाहेर आला आणि धक्काबुक्की करणारा माणूस मध्येच थांबला. वाकला. हुंगलं. रोट्यांची पिशवी मातीत पडली.

"नूरा," तो ओरडला, आणि दाराकडे धावला. नवऱ्याच्या आवाजाला कडी निघाली. त्यानं एक पोरगं काखेत, एक हाताला धरून बाहेर आणलं, अनवाणी. तिसऱ्याला घेऊन बायको आली. दार सताड उघडं. जलाल मागून सरपटत बाहेर पडला, तोंड भुश्यानं भरलेलं, आणि त्याला दारात म्हातारी दिसली.

म्हातारीच्या हातात धूपदान होतं. घाईत बाहेर पडताना बाईमाणूस हाताला लागेल ते उचलतं; तिनं ते उचललं. आणि पायरी उतरायला वाकताना तिचा हात खाली आला, गुडघ्याशी, निखारा लाल, जमिनीपासून हातभर उंचीवर. नेमकं तिथं, जिथून गॅस उंबऱ्यावरून बाहेर ओघळत होता.

जलालला अरबी किती येत होतं? बांधकामावर क्रेनवाल्याला सांगायचं तेवढं. तहत म्हणजे खाली. फोक म्हणजे वर.

"फोक," तो ओरडला, आणि दोन्ही हात क्रेनला दाखवतात तसे डोक्यावर नेले. "फोक, फोक."

दिवसभरात पहिल्यांदा एका माणसाचा शब्द दुसऱ्याला जसाच्या तसा कळला. म्हातारीनं धूपदान डोक्याच्या वर उचललं. घागर घ्यावी तसं दोन्ही हातांनी धरलं आणि तशीच, मान ताठ ठेवून, एकेक पायरी उतरली. जलालनं पुढं होऊन ते तिच्या हातातून घेतलं, डोक्यावर धरूनच वाऱ्याच्या उलट्या बाजूला पळत गेला आणि कड्यावरून खाली भिरकावलं. निखारे खडकांवर फुटले.

मागं कुलूप तुटल्याचा आवाज झाला. तुकारामानं सिलिंडर बंद केला आणि तिथंच बसला. त्याचं नाक वाहत होतं, रक्त होतं की थंडी, त्यानं बघितलं नाही.

हम्माद आला तेव्हा पोरं गाडीत हीटर लावून बसली होती. त्यानं आधी वाकवलेला पत्रा बघितला. मग तुटलेलं कुलूप. माणसं त्यानंतर बघितली.

"कौन किया?" असं म्हणून तो मागं गेला, टॉर्च मारली. भोकाशेजारी फोमच्या चिंध्यांत खडूचं अक्षर अजून होतं. "ये क्या लिखा?"

ते त्यानं तुकारामाला विचारलं. तिथं मराठी वाचणारे दोघंच होते. तुकाराम काहीही सांगू शकला असता. बंद लिहिलंय, असं म्हणाला असता तर जलालचा निकाल लागला असता आणि हा सुटला असता. त्यानं नाक पुसलं.

"हवा."

जिझानचा माणूस वळला. "हवा?" त्यानं तोंडानं फुंकर मारून दाखवली. त्यांच्यातही हवेला हवाच म्हणतात. तो भोकाकडे बघून हम्मादला म्हणाला, भडाभडा, आणि त्यातलं एवढं दोघांनाही कळलं, की हवा लिहिली होती तर बंद कुणी केली.

"मैं बोला था हवा माफी," हम्माद म्हणाला. "बाहर का हवा. ये हमार नहीं समझा." हमार म्हणजे गाढव.

"ये मेरा लिखा बंद किया," जलाल म्हणाला. "इसका गलती. मैं इसको मुंह से नहीं बोला, मेरा गलती. अभी तेरा बोल." मग तो जिझानच्या माणसाकडे वळला आणि बोटानं एकेक शब्द दाखवत गेला. सिलिंडरची पेटी. "मुफ्ता." किल्ली. हम्मादचा खिसा. "सुबू, मैं बोला, गाज खराब, मुफ्ता दो." मग हम्मादसारखा हात झटकून, हम्मादच्याच आवाजात, "बुकरा."

म्हातारी गाडीच्या खिडकीतून बघत होती. ती काहीतरी म्हणाली, एकच वाक्य. हम्मादनं मान खाली घातली. काय म्हणाली ते दोघांना कळलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. जिझानच्या माणसानं हम्मादच्या छातीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ बोलला. मग गाडीत बसला. आभार मानले नाहीत. गाडी निघताना त्यानं काच खाली करून तुकारामाच्या सुजलेल्या तोंडाकडे एकदा बघितलं, काच वर केली आणि गेला.

"खलास," हम्माद जलालला म्हणाला. "तुम्हारा बुकरा देखेगा."

त्या बुकराला त्यानं नवी नळी आणून दिली आणि किल्ली जमिनीवर टाकली. हातात दिली नाही. जलालच्या इकाम्याचं काय करायचं ते त्यानं अजून ठरवलं नव्हतं, किंवा ठरवलं होतं आणि काम होईपर्यंत दाबून ठेवलं होतं. असल्या माणसांचं तसंच असतं.

जलालनं नळी बदलली, फेस लावून बघितला. बुडबुडा नाही. मग दोघं पोटाखाली शेजारी शेजारी झोपले. तुकारामानं चारही भोकांतला फोम उकरला. खिशातून खडू काढला.

"आता काय लिवू? पायजे लिवू?"

"काही लिवू नको." जलालनं लोखंडी पाइपचे चार तुकडे कापून आणले होते. एकेक भोकातून, फोमातून, पत्र्यातून आरपार बसवला आणि तोंडाला उंदरांसाठी जाळी लावली. "आता बुजव बघू कसा बुजवतोस."

तुकारामानं पाइपच्या तोंडाला तळहात लावला. वरून काही येत नव्हतं, नुसता गारवा. सुजलेल्या ओठांनी बोलताना त्याला त्रास होत होता.

"इस्मतवैनीला सांग, पुन्यांदा पाठव म्हणावं. बोंबील."

"कशाला? परत साहेबाला सांगायला?"

"खोलीत न्हाय भाजायचं. बाहेर भाज. हवेकडं तोंड करून."

"वाऱ्याकडं," जलाल म्हणाला.

"वाऱ्याकडं," तुकाराम म्हणाला, आणि पुढचा स्क्रू मागितला. मागच्या कोपऱ्यातल्या पत्र्याला त्यानं ह्या वेळीही दोनच मारले.